बिनतारी चढाओढ

पुण्यात मुळा-मुठा नदीच्या पलीकडे येरवडा आहे. येरवडा म्हटले की तुरुंग आठवतो. महात्मा गांधी या तुरुंगात होते, हे आपण ऐकले आहे. याच तुरुंगात उषा मेहताही होत्या. त्यांचा गुन्हा काय? त्या रेडिओवरून बोलल्या!

ते १९४२ साल होते. ‘चले जाव’ची चळवळ पेटली होती. पुढारी तुरुंगात होते. वर्तमानपत्रांची तोंडे बांधलेली होती. तेव्हा मुंबईत उषा मेहता आणि त्यांच्या सोबत्यांनी गुप्त रेडिओ चालवला. त्याचे नाव काँग्रेस रेडिओ. तो ४२.३४ मीटरवर ऐकू येई. आज या घरातून बोलायचे, उद्या दुसऱ्या घरातून. पोलीस मागावर होते. १२ नोव्हेंबर १९४२ या दिवशी त्या पकडल्या गेल्या. तेव्हा त्या २२ वर्षांच्या होत्या. चार वर्षांची शिक्षा झाली. येरवड्याहून सुटल्या त्या १९४६ साली.

त्या काळी हवेतून बोलायचे तर परक्या सरकारची परवानगी लागे. १९३९ साली महायुद्ध सुरू झाले, तेव्हा हौशी लोकांचे परवाने सरकारने काढून घेतले. आज तसे नाही. आज भारत सरकारची परीक्षा द्या, पास व्हा आणि परवाना घ्या. मग येरवड्यातल्या घरातून तुम्ही थेट जपानशी बोला. कोणी अडवणार नाही.

असे हौसेने बोलणारे लोक जगभर आहेत. त्यांना हॅम म्हणतात. आपण हौशी रेडिओवाले म्हणू. हे लोक पैशासाठी बोलत नाहीत. या रेडिओवरून धंदा करायला बंदीच आहे. हौस, शिक्षण आणि वेळप्रसंगी मदत, एवढेच त्यांचे काम.

या लोकांची चढाओढही होते. ती कशी खेळतात आणि गुण कसे मोजतात, ते आज शिकू.

आवाज इतका लांब कसा जातो?

आपल्या डोक्यावर फार उंच, सुमारे ८० ते ४०० किलोमीटरवर, हवेचे विजेने भारलेले थर आहेत. रेडिओची लहर तिथवर जाते आणि वळून पुन्हा जमिनीकडे येते. चेंडू भिंतीवर मारला की परत येतो ना? तसेच. असे टप्पे घेत घेत लहर समुद्र ओलांडते. मध्ये तार नाही, खांब नाही. म्हणून याला बिनतारी म्हणतात.

सगळ्या लहरी सारख्या नसतात. त्यांचे पट्टे पाडले आहेत. २० मीटरचा पट्टा दिवसा लांब जातो. ४० मीटरचा पट्टा रात्री लांब जातो. कोणत्या वेळी कोणता पट्टा धरावा, हे ज्याला कळते तो पुढे जातो. शेतकऱ्याला वाफसा कळावा लागतो, तसेच हे आहे.

चढाओढ कोणती?

अशा चढाओढी पुष्कळ आहेत. आपण आशिया खंडाची घेऊ. ती जपानची हौशी रेडिओ संस्था भरवते. ही संस्था १९२६ साली स्थापन झाली. जून महिन्यात टकटक खुणांची, म्हणजे मोर्सची चढाओढ असते. सप्टेंबर महिन्यात तोंडाने बोलायची असते. आपण बोलायची बघू.

ती शनिवार-रविवार असे ४८ तास चालते. सगळ्या जगाचे घड्याळ एक धरतात. त्या घड्याळाच्या साडेपाच तास पुढे आपले घड्याळ आहे. तिकडे शनिवारची मध्यरात्र झाली की आपल्याकडे शनिवारची पहाटेची साडेपाच वाजते. म्हणून आपल्याकडे चढाओढ शनिवारी पहाटे साडेपाचला सुरू होते आणि सोमवारी पहाटे साडेपाचला संपते. वहीत मात्र जगाच्या घड्याळाचीच वेळ लिहायची. घरच्या घड्याळाची लिहिली तर ओळ चुकली.

बोलायचे काय?

समजा, येरवड्यात आपला एक गडी यंत्रापाशी बसला आहे. तो हाक देतो. जपानमधून एक जण ओ देतो. पहिल्यांदा एकमेकांचे नाव सांगायचे. हे आईबापांनी ठेवलेले नाव नव्हे. सरकारने परवान्यावर दिलेले हाकेचे नाव. ते अक्षरे आणि आकडे मिळून होते. भारतातली बहुतेक नावे इंग्रजी ‘व्ही यू’ने सुरू होतात.

हवेत खरखर फार असते. ‘बी’ आणि ‘डी’ सारखेच ऐकू येतात. म्हणून अक्षर सुटे सांगत नाहीत. ‘बी’ला ‘ब्राव्हो’ म्हणतात, ‘डी’ला ‘डेल्टा’ म्हणतात. आपण शाळेत ‘क कमळाचा’ म्हणतो ना? अगदी तेच. सगळ्या जगाने तोच धडा गिरवला आहे.

मग दोन आकडे सांगायचे. पहिला आकडा: तुमचे बोलणे किती स्पष्ट? १ ते ५. दुसरा आकडा: आवाज किती जोरदार? १ ते ९. सगळ्यांत चांगले म्हणजे ५९. त्यापुढे आपले वय सांगायचे. आपला गडी ३४ वर्षांचा. तो सांगतो, “पाच नऊ, तीन चार.” जपानचा म्हातारा सांगतो, “पाच नऊ, सात एक.” झाले! एवढेच बोलणे. भाषा बहुधा इंग्रजी असते, पण शब्द दहा-बाराच लागतात.

एखादी आजी विचारेल, “अरे बाबा, बायामाणसांनी परक्याला वय सांगायचे होय?” आजी, त्याचीही सोय आहे. बाईने वयाऐवजी ‘शून्य शून्य’ म्हटले तरी चालते.

गुण कसे मोजायचे?

आता हिशेब. पाटी-पेन्सिल घ्या.

नियम १. आशियातल्या दुसऱ्या देशाशी बोलणे झाले तर १ गुण.

नियम २. आशियाबाहेरच्या देशाशी बोलणे झाले तर ३ गुण.

नियम ३. आपल्याच देशातल्या माणसाशी बोललो तर गुण नाही.

नियम ४. एका पट्ट्यावर एका माणसाचे गुण एकदाच. तोच माणूस दुसऱ्या पट्ट्यावर भेटला तर पुन्हा गुण.

नियम ५. प्रत्येक पट्ट्यावर किती देश भेटले, ते मोजायचे. सगळ्या पट्ट्यांचे देश मिळवायचे. एकूण गुणांना त्या संख्येने गुणायचे.

हे १ आणि ३ गुण ४०, २० आणि १५ मीटर या पट्ट्यांसाठी आहेत. काही पट्ट्यांवर बोलणे अवघड असते. तिथे गुण वाढवून देतात.

आपल्या गड्याची वही उघडू.

२० मीटरवर त्याला जपानचे १०, थायलंडचे ४ आणि कुवेतचे २ भेटले. हे आशियातले झाले १६. गुण १६.
त्याच पट्ट्यावर जर्मनीचे ६, इटलीचे ५ आणि ऑस्ट्रेलियाचे ३ भेटले. हे बाहेरचे झाले १४. चौदा त्रिक बेचाळीस. गुण ४२.
२० मीटरचे गुण झाले ५८. देश झाले ६.

रात्री ४० मीटरवर जपानचे ४ भेटले. गुण ४. इटलीचे २ भेटले. गुण ६.
४० मीटरचे गुण झाले १०. देश झाले २.

एकूण गुण ६८. एकूण देश ८. आता ६८ गुणिले ८. उत्तर ५४४.

आता एक गंमत बघा. रविवारी दुपारी २० मीटरवर जपानचा अकरावा माणूस भेटला. एक गुण वाढला. ६९ गुणिले ८ म्हणजे ५५२. वाढ किती? ८ गुणांची.

पण जपानच्या त्या माणसाऐवजी नेपाळचा माणूस भेटला असता तर? गुण तोच, एक. पण देश एक वाढला. ६९ गुणिले ९ म्हणजे ६२१. वाढ ७७ गुणांची!

म्हणून शहाणा खेळाडू नुसत्या मोठ्या आवाजामागे धावत नाही. तो थांबतो, कान देतो. खरखरीच्या आड एखादा बारीक आवाज असतो. तो कोणत्या तरी छोट्या देशाचा असतो. त्याला जो ऐकतो, तो पुढे जातो.

पंच कुठे आहे?

कबड्डीत पंच असतो. कुस्तीच्या फडात पंच असतो. इथे मात्र प्रत्येक जण आपापल्या घरात. येरवड्यात बसलेल्या गड्यावर नजर कोण ठेवणार? कोणी म्हणेल, “मग काय, लिहा वहीत हवे तेवढे!”

तसे चालत नाही. चढाओढ संपली की सगळे आपापली वही पाठवतात. आता ती संगणकावरून जाते. संस्था वह्या ताडून बघते. आपल्या गड्याने लिहिले, जपानचा माणूस, वय ७१. त्या म्हाताऱ्याच्या वहीत येरवड्याच्या गड्याची ओळ हवी. नाव जुळले, वेळ जुळली, आकडे जुळले, तर गुण. ७१ ऐवजी ६१ लिहिले, तर गुण गेला. काही मोठ्या चढाओढींत चुकीच्या ओळीचे गुण तर जातातच, वर दंड म्हणून आणखीही कापतात.

म्हणजे इथे पंच कोण? समोरच्याची वही! दूर देशातला, कधी न पाहिलेला माणूस आपल्या खरेपणाचा साक्षीदार असतो, आणि आपण त्याचे.

यातून एक मोठा नियम निघतो. ऐकले तेच लिहा. नीट ऐकू आले नाही तर पुन्हा विचारा. पुन्हा विचारण्यात कमीपणा नाही. अंदाजाने लिहिण्यात आहे.

एवढी काळजी कशाला?

कोणी म्हणेल, खेळच तो. एक आकडा चुकला तर काय बिघडले?

आता हे वाचा. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले. पुण्यात पूर आला. नदीकाठच्या वस्त्या वाहून गेल्या. अशा वेळी अलीकडचा माणूस पलीकडच्याला निरोप कसा देणार? फोनची तार तुटते, मोबाइलचा खांब बंद पडतो. पण हौशी माणसाचे यंत्र मोटारीच्या बॅटरीवर चालते. झाडाला तार बांधली की तो बोलायला मोकळा.

समजा, त्याने निरोप दिला, “छपरावर सतरा माणसे अडकली आहेत.” ऐकणाऱ्याने लिहिले ‘सात’. सात माणसांना पुरेल एवढी होडी गेली. बाकीच्या दहांचे काय? सात, सतरा, साठ, सत्तर हे शब्द खरखरीत सारखेच ऐकू येतात. म्हणूनच हौशी माणूस ‘सतरा’ म्हणत नाही. ‘एक सात’ म्हणतो. ऐकणारा तेच उलट म्हणून दाखवतो. मग लिहितो. ही सवय चढाओढीत लागते.

हे नुसते बोलणे नाही. २००४ सालच्या डिसेंबरात भारती प्रसाद आपल्या सोबत्यांसह अंदमानातल्या पोर्ट ब्लेअरला होत्या. हौशी रेडिओवरून त्या जगभरच्या लोकांशी बोलत होत्या. एकामागून एक, झटपट आणि नेमके. २६ डिसेंबरला त्सुनामीची लाट आली. फोन बंद पडले. त्यांनी हौसेचे बोलणे थांबवले आणि त्याच यंत्रावरून मुख्य भूमीशी निरोपांची देवघेव सुरू केली. कोण सुखरूप आहे, कुठे मदत हवी, हे त्या वाटेने कळू लागले. कालपर्यंत जी हौस होती, ती आज लोकांच्या उपयोगी पडली.

तेव्हा मंडळी, तुम्ही रेडिओ घ्या अगर न घ्या. पण हा नियम आपल्या रोजच्या कामाचाही आहे. दूध सोसायटीची वही असो, बचत गटाची असो की रेशनची. आता तुम्हाला लिहिता येते, वाचता येते. ऐकले तेच लिहा. लिहिलेले वाचून दाखवा. दुसऱ्याची वही आपल्या वहीशी जुळवून बघा. जुळली तर ठीक. जुळली नाही तर तिथेच विचारा.

उत्तरे लिहा

१. उषा मेहता येरवड्याच्या तुरुंगात का होत्या?
२. आपल्याकडे चढाओढ शनिवारी किती वाजता सुरू होते?
३. या चढाओढीत पंचाचे काम कोण करते?
४. ‘सतरा’ न म्हणता ‘एक सात’ का म्हणतात?
५. हिशेब करा: १५ मीटरच्या पट्ट्यावर जपानचे ६, थायलंडचे २ आणि जर्मनीचे ४ माणूस भेटले. एकूण गुण किती? (उत्तर ६० आले तर बरोबर. नाही आले तर नियम ५ पुन्हा वाचा.)
६. दोघे दोघे बसा. एकाने दहा आकडे हळू आवाजात सांगावे. दुसऱ्याने लिहावे. मग दोघांनी आपापले कागद जुळवून बघावे.