‘माइल्ड’ वाचून पंप बंद करू नका

न्यू जर्सीत एप्रिल लागला की ओक-बर्चचे पराग गाड्यांच्या काचांवर पिवळे साचतात आणि आमच्या घरात खोकला सुरू होतो. लेकीच्या दम्याच्या कागदावर ‘माइल्ड परसिस्टंट, अनकॉम्प्लिकेटेड’ असं लिहिलेलं होतं. पुण्याहून आलेल्या आजीनं त्यातलं ‘माइल्ड’ तेवढं उचललं. “अगं, मग रोज ते स्टिरॉइड कशाला ओढतेस?” नातीला हेच हवं होतं. रोजचा पंप गुपचूप ड्रॉवरमध्ये गेला.

काही आठवड्यांनी एका रात्री आम्ही इमर्जन्सीत होतो. नेब्युलायझर चालू होता, तरी दर श्वासाला तिच्या बरगड्यांमधली कातडी आत ओढली जात होती. ‘आई, पाणी’ एवढं म्हणायलाही तिला दोनदा थांबावं लागलं. घरी जाताना मिळालेल्या कागदावर ‘माइल्ड परसिस्टंट’ तसंच होतं. पुढे फक्त ‘अक्यूट एक्झॅसर्बेशन’ आलं होतं.

म्हणजे ‘माइल्ड’ हे एरवीच्या त्रासाचं मोजमाप आहे. सौम्य दम्यातही जीवघेणा झटका येऊ शकतो. आठवड्यात दोन दिवसांपेक्षा जास्त त्रास होत असेल, तर तो ‘इंटरमिटंट’ राहत नाही, ‘परसिस्टंट’ होतो. ‘अनकॉम्प्लिकेटेड’चा अर्थ इतकाच, की त्या भेटीच्या वेळी दमा उफाळलेला नव्हता. अमेरिकेत ऑक्टोबर २०१५ पासून चालू असलेल्या कोडांमध्येही हेच दिसतं: जे४५.३० म्हणजे सौम्य परसिस्टंट आणि शांत, जे४५.३१ म्हणजे उफाळलेला, जे४५.३२ म्हणजे ‘स्टेटस अस्थमॅटिकस’. हा शेवटचा शब्द फसवा आहे. दम्याची सद्यःस्थिती असा त्याचा अर्थ नाही. नेहमीच्या औषधांना दाद न देणारा तो झटका असतो. कोड विम्यासाठी असतात, पण आपल्याला वाचता आलेले बरे.

दमा आटोक्यात आहे का, हा प्रश्न मात्र वेगळा. तो डॉक्टरांना दर भेटीत स्पष्ट विचारा. त्रास झाल्यावर ओढायचं अल्ब्युटेरॉल (भारतातलं साल्ब्युटामॉल तेच) आठवड्यात दोन दिवसांहून जास्त लागत असेल, तर नाही असं समजा. रोजचा पंप कमी करायचा की बंद, हे आजीनं नव्हे, डॉक्टरांनी ठरवायचं.

आणि झटक्यात छातीतली शिट्टी थांबली, पण मूल निळसर, गळलेलं किंवा बोलेनासं झालं, तर ते बरं वाटल्याचं लक्षण नाही. हवाच आत जात नसते. लगेच ९११ फिरवा.