कण्हेर: लावताना आणि छाटताना

वाङ्मय मंडळाच्या मागच्या बैठकीत ठरलं की प्रत्येकानं आपल्या दारातल्या एका झाडावर अभ्यासलेख लिहायचा. मोगरा, जास्वंद लगेच गेले. चाफ्यावरून तर दोघींची चक्क भांडणं झाली. मी कण्हेर मागितली तेव्हा कुणी हूं की चूं केलं नाही. आम्हा बेळगावकरांना ती इतकी सवयीची की दिसतच नाही. मी ती का मागितली, ते पुढे सांगते.

साहित्याची विद्यार्थिनी म्हणून आधी नाव बघू. कण्हेरीला संस्कृतात करवीर म्हणतात. कोल्हापूरचं जुनं नावही करवीर, आणि तिथला तालुका आजही त्याच नावाचा आहे. पण संस्कृतात या झाडाला आणखी एक नाव आहे: अश्वमारक. म्हणजे घोड्याला मारणारं. ज्यांनी हे नाव ठेवलं त्यांनी इशारा नावातच घालून ठेवला होता. आपल्या रोजच्या बोलण्यात ‘कण्हेर’ राहिली, ‘अश्वमारक’ मात्र कोशात गेला.

आता ओळख. लाल, गुलाबी किंवा पांढरी फुलं, लांब, जाड, चिवट पानं. फांदीवर एकाच ठिकाणाहून बहुधा तीन-तीन पानं फुटतात, ही खूण लक्षात ठेवा. चाफा, सदाफुली, रुई, करवंद ही सगळी तिचीच भावकी. पिवळी कण्हेर, म्हणजे बिट्टी, त्याच कुळातली पण वेगळी. ती मूळची अमेरिकेकडची. तिची फुलं पिवळी, घंटेसारखी असतात आणि तिच्या बिया फार विषारी असतात. लहानपणी आपण बिट्ट्यांनी खेळलो, हे आता आठवलं की अंगावर काटा येतो.

पीयूसीला मी सायन्सला होते. तिथे कण्हेरीच्या पानाचा छेद काढायचा असे. पानाच्या खालच्या बाजूला खळगे, खळग्यांत केस, आणि त्या केसांच्या आडोशाला पर्णरंध्रं. त्यामुळे पाण्याची वाफ कमी उडते. वर जाड त्वचेचे एकाहून जास्त थर. भूमध्य समुद्राच्या काठच्या देशांत ती उन्हाळ्यात कोरड्या पडणाऱ्या ओढ्यांच्या पात्रात वाढते, म्हणून ऊन आणि तहान तिला नवी नाही. हायवेच्या दुभाजकावर तिला लावतात ते याचसाठी: धूळ, धूर सोसते, पाणी कमी मागते, आणि हिरवं पान कडू म्हणून गुरं सहसा तोंड लावत नाहीत.

लावणं अगदी सोपं. पेन्सिलीएवढ्या जाडीची, वीतभर लांबीची फांदी घ्या. खालची पानं काढा, वरची दोन-चार ठेवा. वाळू मिसळलेल्या मातीत खोचा आणि सावलीत ओल टिकवा. पावसाळ्याच्या सुरुवातीला लावली तर महिन्याभरात बहुधा मुळं धरते. मग भरपूर ऊन मिळेल अशी जागा द्या, कारण सावलीत नुसती पानं वाढतात, फुलं येत नाहीत. आमच्या तांबड्या मातीत ती मजेत वाढते. फक्त मुळाशी पाणी साचू देऊ नका. दोन झाडांत पाच-सहा फुटांचं अंतर ठेवा. फुलं नव्या फुटव्याच्या टोकाला येतात, म्हणून बहर ओसरला की छाटणी हवी. कोवळ्या शेंड्यावर पिवळा मावा पडतो, तो साबणाच्या पाण्यानं जातो. पानाखाली चांदीसारखा चकाकणारा कोष लटकलेला दिसला तर तो हबशी फुलपाखराचा. त्याला राहू द्या. त्याची अळी हे विष खाऊनच मोठी होते.

आता माझं कारण.

दोन वर्षांपूर्वी, नाताळच्या आधी गोठा मांडायला अंगण मोकळं करत होते. कण्हेर छाटली आणि फांद्या कंपाउंडच्या बाहेर बोळात टाकल्या. चार दिवसांत त्या वाळल्या. शेजारच्या काकींची शेळी त्या वाटेनं यायची. संध्याकाळपर्यंत ती गेली. जनावरांच्या डॉक्टरांनी वाळकी पानं हातात घेऊन विचारलं, “हे कुणी टाकलं?” पप्पांनी काकींना पैसे दिले. काकी मला एवढंच म्हणाल्या, “तुला काय माहीत, पोरी!” पण मला बरंच माहीत होतं. त्या पानाच्या आकृतीला मला पाचपैकी पाच गुण मिळाले होते. फक्त एक गोष्ट माहीत नव्हती: वाळल्यावर पानाचा कडवटपणा कमी होतो, विष मात्र तसंच राहतं.

ते विष सगळ्या झाडात असतं: पान, फूल, साल, मूळ, चीक. ते हृदयाच्या ठोक्यांवर घाला घालतं. आधी उलट्या, पोटदुखी, मग ठोके मंद किंवा अनियमित. केरळात अरळी म्हणतात ती हीच. एका तरुणीच्या मृत्यूमागे तिची पानं असल्याचा संशय आल्यावर, 2024 मध्ये त्रावणकोर देवस्वम बोर्डानं नैवेद्यात आणि प्रसादात ही फुलं वापरणं बंद केलं.

म्हणून माझे नियम लिहून ठेवते. छाटताना हातमोजे घाला, चीक डोळ्यांत जाऊ देऊ नका. फांद्या मोजून गोळा करा आणि जनावर उकरणार नाही इतक्या खोल खड्ड्यात पुरा. जाळू नका, धूरही घातक. काडी चुलीत किंवा काही भाजायला वापरू नका. फुलदाणीतलं पाणी जनावरांच्या भांड्यात जाऊ देऊ नका. लहान मूल किंवा गोठा जवळ असेल तर दुसरं झाड निवडा. कुणी खाल्लीच तर घरगुती उपाय करत बसू नका, उलटीही काढू नका. झाडाची डहाळी पिशवीत घेऊन सरळ दवाखाना गाठा.

आमची कण्हेर अजून आहे. पप्पा काढून टाकू म्हणाले होते, मीच नको म्हटलं. चूक झाडाची नव्हती. गेल्या डिसेंबरात छाटणी केली तेव्हा काकी त्यांच्या दारात उभ्या राहून बघत होत्या. शेवटची फांदी खड्ड्यात जाऊन वर माती पडेपर्यंत त्या आत गेल्या नाहीत. मीही त्यांना आत जा म्हटलं नाही.