टर्बोचा दाब कमी पडतो तेव्हा

कापडाच्या व्यापाऱ्याने इंजिनावर लिहावे याचे काही वाचकांना नवल वाटेल. पण इचलकरंजीचा माल पेठनाक्यावरून शिराळ्याला आणायचा, पुढे कोकरूड, मलकापूर करायचे आणि कधी आंबा घाट उतरून साखरप्यापर्यंत जायचे, तर गाडी हाच आमचा अर्धा धंदा. चढाला गाडीने दम सोडला की बाजार हुकतो आणि गिऱ्हाईक दुसऱ्याच्या दुकानात जाते.

आमच्या डिझेल जीपचे तसेच झाले. सपाटीला ठीक, भरल्या मालानिशी घाट चढताना मात्र पिकअप नाही आणि मागे काळा धूर. एका गॅरेजमध्ये बोनेट उघडताच निकाल मिळाला : टर्बो गेला, नवा टाका. आकडा ऐकून आम्ही गाडी परत आणली. दुसऱ्या मेस्त्रीने तासाभरात दोष दाखविला. इंटरकूलरकडे जाणारा रबरी पाईप खालच्या अंगाने चिरला होता. गाडी उभी असताना चीर मिटलेली असायची, दाब आला की उघडायची. म्हणून नुसत्या नजरेला ती दिसत नव्हती.

टर्बोचे काम सोपे आहे. सायलेन्सरकडे जाणारा गरम धूर एक चाक फिरवतो. त्याच दांड्यावरचे दुसरे चाक बाहेरची हवा दाबून इंजिनात भरते. स्वित्झर्लंडचे इंजिनिअर आल्फ्रेड ब्युची यांनी १९०५ साली याचे पेटंट घेतले. हा दांडा मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेतो. हवा कमी पडली की डिझेल पुरते जळत नाही, म्हणून काळा धूर. निळा धूर दिसला तर ऑइल जळत आहे असे समजावे. तो वेगळा आजार.

तपासणी स्वस्तापासून सुरू करावी. प्रथम एअर फिल्टर. आपल्याकडे ऊसतोडीच्या दिवसांत रस्त्याला इतकी धूळ असते की कंपनीने सांगितलेल्या किलोमीटरची वाट पाहणे परवडत नाही. मग टर्बोपासून इंजिनापर्यंतचा प्रत्येक पाईप हाताने दाबून, वाकवून पाहावा, क्लिपा आवळाव्यात. जोडावर ताजा ऑइलचा ओलावा दिसला तर हवा तेथूनच निसटते. शंका राहिली तर इंजिन बंद ठेवून पाईपचे तोंड बुचाने बंद करावे, कॉम्प्रेसरची हवा बेताने, साधारण एक बारपर्यंतच सोडावी आणि वरून साबणाचे पाणी मारावे. बुडबुडे जागा सांगतात.

पुढे ॲक्च्युएटर. पुष्कळ गाड्यांत तो व्हॅक्यूमवर चालतो आणि त्याचा बारीक पाईप उष्णतेने तडकतो. हातपंपाने व्हॅक्यूम दिल्यावर दांडी सरकली पाहिजे आणि तशीच टिकली पाहिजे. दांडी अडकत असेल तर आतील पाती काजळीने जाम झाली असावीत. ईजीआर व्हॉल्व्ह उघडा राहणे किंवा टर्बोच्या आधी धूर गळणे, यानेही दाब पडतो.

स्कॅनर लावला आणि ‘पी ०२९९’ आला तर तो कोड फक्त दाब कमी आहे एवढेच सांगतो. टर्बो खराब आहे असे सांगत नाही. नुसती चावी फिरवून, इंजिन न चालवता, दाबाचा आकडा पाहावा. तो बाहेरच्या हवेइतकाच हवा, म्हणजे आपल्या उंचीवर शंभर किलोपास्कलहून थोडा कमी. फार वेगळा आला तर सेन्सरच खोटे बोलतो आहे. खरा आकडा मात्र भरल्या गाडीने चढावरच कळतो. तेव्हा स्कॅनर शेजारी बसलेल्याने वाचावा, चालवणाऱ्याने नव्हे.

इतके करून दोष सापडला नाही, तरच गार इंजिनावर टर्बोचा पाईप काढून दांडा बोटाने हलवावा. किंचित हालचाल चालते. चाक कडेला घासत असेल तर टर्बो गेला. त्यावेळीही तो का गेला हे मेस्त्रीला विचारावे. ऑइलचा पाईप चोंदलेला असेल आणि तो तसाच ठेवून नवा टर्बो चढविला, तर नवाही त्याच वाटेने जातो.