बांधावरची जांभळी फुले आणि मधमाशी

ताम्हण हे महाराष्ट्राचे राज्यपुष्प. त्याचा जांभळा बहर कोकणच्या ओलसर भूमीत खुलतो. बालाघाटच्या डोंगररांगांतील अवर्षणप्रवण धाराशिव जिल्ह्याजवळही जांभळ्या रंगाचे स्वतःचे धन आहे. बांधावर, ओढ्याकाठी व गायरानात ते आपोआप उगवते आणि बांध साफ करण्याच्या भरात पुष्कळदा जाळले जाते.

या रानफुलांचा संबंध थेट पिकाशी आहे. सूर्यफूल आणि कांद्याचे बियाणे यांत दाणा भरणे फार अंशी मधमाश्यांवर अवलंबून असते. करडईलाही त्यांचा लाभ होतो. पिकाचा फुलोरा काही आठवड्यांचा, मधमाशीला मात्र बाराही महिने अन्न हवे. रब्बीची काढणी झाली की शिवार ओस पडते. त्या काळात खोल मुळांच्या बहुवर्षायू वनस्पतीच तिला आधार देतात.

मधमाशीला लाल रंग दिसत नाही. निळा व जांभळा उत्तम दिसतो. तिला रंग ओळखता येतात हे शास्त्रज्ञ कार्ल फॉन फ्रिश यांनी प्रयोगांनी सिद्ध केले. पुढे 1973 मध्ये ते नोबेल पारितोषिकाचे मानकरी ठरले.

चार ओळखीच्या वनस्पती

उन्हाळी अर्थात शरपुंखा ही मुरमाड जमिनीत वाढते. शेंगवर्गीय असल्याने ती जमिनीत नत्रही साठविते. निर्गुडी ओढ्याकाठी फोफावते. गुरे ती सहसा खात नाहीत, म्हणून कुंपणास उपयुक्त. जांभळी कोरांटी पावसाळ्याअखेरीपासून हिवाळ्यात फुलते. रुई भर उन्हाळ्यातही फुलते व मोठे काळे भुंगे तिचे परागीभवन करतात. तिचा चीक डोळ्यांस अपायकारक असल्याने ती शाळेच्या आवारात न लावता बांधावरच राखावी.

काय करता येईल?

शाळेच्या आवारातील एक गुंठाही आरंभास पुरे. निर्गुडी व कोरांटीच्या फांद्या पावसाळ्याच्या प्रारंभी लावाव्यात. उन्हाळीचे बी कठीण कवचाचे असते. ते वाळूवर हलके घासून, रात्रभर भिजवून पेरावे. बी गावच्या शिवारातूनच गोळा करावे. येडशी-रामलिंग घाट अभयारण्यातून रोपे उपटू नयेत. अनेक एकट्या राहणाऱ्या माश्या जमिनीत बिळे करतात, म्हणून थोडी जागा न खणता मोकळी ठेवावी. पीक फुलोऱ्यात असताना कीटकनाशकाची फवारणी टाळावी. अपरिहार्य असल्यास ती सायंकाळी करावी.

जैविक विविधता अधिनियम, 2002 अन्वये ग्रामपंचायत स्तरावर जैवविविधता व्यवस्थापन समितीची तरतूद आहे. शिक्षकांनी विद्यार्थ्यांकडून कोणते फूल कोणत्या महिन्यात उमलते याची टिपणे करवून घ्यावीत आणि समितीने ती लोक जैवविविधता नोंदवहीत समाविष्ट करावीत. मधमाशीपालनाच्या मार्गदर्शनासाठी पुण्यात 1962 मध्ये स्थापन झालेली केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे.

या कामाला मोठा निधी लागत नाही. बांध पेटविण्यापूर्वी त्यावर काय फुलले आहे, एवढे पाहण्याची सवय गावाला लागली, तरी निम्मे काम झाले असे समजावे.