गदा कुणाची? मैदानावरचे काही ठोकताळे

पाऊस उघडला की पलूस-कडेगावपासून कराड-पाटणपर्यंत चहाच्या टपरीवर एकच विषय चघळला जातो: यंदा महाराष्ट्र केसरी कोण? प्रत्येकाकडे एक नाव तयार असतं आणि तो पैलवान सहसा बोलणाऱ्याच्याच तालुक्यातला असतो. पोरवयात रेवड्यांवरच्या कुस्त्या खेळलो, पुढं नुसता बघ्या झालो. बघता बघता काही ठोकताळे बांधले गेले, ते इथं मांडतो.

१. पोस्टरवर जाऊ नका. ‘जंगी निकाली कुस्त्यांचे मैदान’ अशा अक्षरांखाली दोन फोटो, मधे ‘विरुद्ध’, खाली इनामाचा आकडा आणि त्याहून मोठ्या टायपात इनाम देणाऱ्याचं नाव. जोड लावणाऱ्याला गर्दी जमवायची असते, पैलवानाची परीक्षा घ्यायची नसते. नंबर एकची कुस्ती बरोबरीत सुटली, तर त्यावरून हंगामाचा हिशेब मांडण्यात अर्थ नाही. मधल्या जोड्या बघा. तिथं पोरं जीव तोडून लढतात, कारण त्यांना पुढच्या मैदानाचं बोलावणं हवं असतं.

२. कुस्ती सुटल्यानंतरचा पैलवान बघा. हलगी थांबते, लोक फेटा बांधायला धावतात. त्या गडबडीत तो गुडघ्यांवर हात टेकून वाकलाय, की फेटा सावरत सरळ हौद्याबाहेर चालत निघालाय? बरगड्या किती वेळ वर-खाली होतात? खुराक आणि मेहनतीबद्दल वस्ताद काहीही सांगोत, दम लपत नाही. कुंडलच्या मैदानात मला याच्याइतकं भरवशाचं दुसरं काही सापडलेलं नाही.

३. माती आणि गादी यांचा हिशेब वेगळा ठेवा. माझ्या मते सगळ्या अंदाजांची मेख इथंच आहे. महाराष्ट्र केसरीत माती विभागाचा विजेता आणि गादी विभागाचा विजेता गदेसाठी भिडतात, पण ती शेवटची कुस्ती होते गादीवर. तीन-तीन मिनिटांचे दोन डाव, गुण, निष्क्रियतेची ताकीद. मैदानात विसाव्या मिनिटाला घिस्सा मारून चितपट करणारा गडी इथं सहा मिनिटांत चार गुणांनी मागं पडलेला असतो.

निकालच बघा. २०१७ ला भूगावात गादीच्या अभिजित कटकेनं मातीतून आलेल्या आमच्या माणच्या किरण भगतला हरवलं. २०२० च्या जानेवारीत बालेवाडीत हर्षवर्धन सदगीर, २०२२ ला साताऱ्यात पृथ्वीराज पाटील, २०२३ च्या जानेवारीत पुण्यात शिवराज राक्षे, २०२५ ला अहिल्यानगरला पृथ्वीराज मोहोळ: सगळे गादीचे. मातीवाल्यांनी बाजी मारली ती २०१८ ला जालन्यात बाला रफिक शेखनं आणि २०२३ च्या नोव्हेंबरात फुलगावला सिकंदर शेखनं. सिकंदरनं तर अर्ध्या मिनिटाच्या आत राक्षेला आस्मान दाखवलं. म्हणजे सातांत पाच गादी, दोन माती. टपरीवर ही यादी काढली की मातीवाले चिडतात, पण आकडा काही बदलत नाही.

खाशाबा जाधवांचीच गोष्ट घ्या. गोळेश्वरच्या मातीतला हा मल्ल १९४८ ला लंडनला गादीवर उतरला आणि सहावा आला. कांस्यपदक मिळालं ते चार वर्षांनी, हेलसिंकीला. एवढ्या ताकदीच्या माणसालाही गादी अंगवळणी पडायला वेळ द्यावा लागला.

४. दोघे एकाच तालमीतले असतील तर गप्प बसा. २०२० च्या अंतिम कुस्तीत भिडलेले सदगीर आणि शैलेश शेळके दोघंही काका पवारांचे पठ्ठे. एकमेकांचा एकेरी पट, ढाक, भारंदाज सगळं पाठ. निकाल लागला ३-२. अशा कुस्तीत अंदाज म्हणजे छापा-काटा. जिंकल्यावर सदगीरनं शेळकेला खांद्यावर घेतलं, ते मात्र बघण्यासारखं होतं.

५. मागच्या वर्षीच्या गदेला फार भाव देऊ नका. नरसिंग यादव आणि विजय चौधरी यांनी लागोपाठ तीन-तीन वर्षं गदा नेली, म्हणून लोकांना ते सोपं वाटतं. आमच्या भाळवणीच्या चंद्रहार पाटलांनी २००७ आणि २००८ ला गदा आणली, तिसरी हुकलीच. विजेत्याचे डाव वर्षभर सगळ्या तालमी घोटून काढतात.

६. पैज लावण्याआधी विचारा: कुठली स्पर्धा? संघटनांच्या भांडणात २०२३ च्या नोव्हेंबरात धाराशिवलाही एक महाराष्ट्र केसरी झाली (तिथं राक्षे जिंकला) आणि २०२५ ला कर्जतमध्ये वेताळ शेळकेला गदा मिळाली. दोन्ही गटांचे लोक आपलीच खरी म्हणतात. पैलवानांची यात विनाकारण ओढाताण होते, हे माझं स्पष्ट मत.

७. राडा सहसा अंतिम कुस्तीच्या आधीच होतो. २०२३ च्या जानेवारीत सिकंदर आणि महेंद्र गायकवाड यांच्या कुस्तीतल्या चार गुणांवरून राज्यभर वाद पेटला. अहिल्यानगरला गादीच्या निकालावर चिडून राक्षेनं पंचांना लाथ मारली आणि तीन वर्षांची बंदी ओढवून घेतली. चांगला मल्ल असा बाहेर बसतो, तेव्हा पुढच्या हंगामाचं सगळं गणितच फिरतं.

८. पोरींची कुस्ती विसरू नका. महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी २०२३ च्या मार्चमध्ये सांगलीत झाली आणि सांगलीच्याच प्रतीक्षा बागडीनं ती जिंकली. तेव्हापासून मी घरच्या मैदानाला थोडे जास्त गुण देतो.

आता यंदाचं. गदा गादीवाला नेणार आणि फरक चार गुणांच्या आत राहणार. नाव हवं असेल, तर वजनं झाली त्या संध्याकाळी टपरीवर या. त्याआधी कुणी छातीठोक नाव सांगितलं, तर चहाचे पैसे त्यालाच द्यायला लावा.