रहस्यकथा वाचायची सोडून खेळायची कशाला?

प्रश्न : मी बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथा वाचत वाढलो. झुंजार आणि काळापहाड आजही तोंडपाठ आहेत. माझी पुतणी नोकरीला लागली आहे आणि रात्री जेवण झालं की 'एल. ए. नॉयर' नावाचा पोलीस तपासाचा व्हिडिओ गेम घेऊन बसते. एकदा मागे उभा राहून पाहिलं, तर ती बराच वेळ कुणाच्या तरी घरातली कपाटं उघडत होती, बाटल्या उचलून बघत होती. खुनी कोण एवढंच शोधायचं, तर पुस्तक एका रात्रीत वाचून होतं. मग माणसं यात एवढी का रमतात?
— एक वाचक, मिरज

उत्तर : अर्नाळकरांच्या वाचकाला हा प्रश्न पडावा याचा मला आनंद वाटला, कारण याचं उत्तर तुम्हाला चटकन पटेल. रहस्यकथा वाचताना आपण मनातल्या मनात एकावर संशय घेतो. तो चुकला तरी कुणाचं काही बिघडत नाही. पान उलटलं की लेखक आपल्याला ताळ्यावर आणतो. या खेळात संशय उघड बोलून दाखवावा लागतो, समोरच्याच्या तोंडावर. आणि तो चुकला तर पान मागे उलटता येत नाही.

आधी खेळाविषयी थोडं. सिडनीच्या टीम बाँडी या स्टुडिओने तो बनवला आणि रॉकस्टार गेम्सने 2011 मध्ये बाजारात आणला. काळ 1947 चा, शहर लॉस एंजेलिस. ओकिनावाच्या लढाईतून परतलेला कोल फेल्प्स पोलिसांत भरती होतो आणि गस्तीच्या शिपायापासून गुप्तहेरापर्यंत चढत जातो. रात्रीचे ओले रस्ते, हॅट, सिगारेटचा धूर, विकले गेलेले अधिकारी. 'द माल्टीज फाल्कन' (1941), 'डबल इन्डेम्निटी' (1944) या चित्रपटांची ही दुनिया. गुरुदत्तने 'बाजी'मध्ये (1951) तिचा मुंबईचा अवतार दाखवलाच होता. खेळ संपूर्ण कृष्णधवल करून खेळायचीही सोय आहे. हे वातावरण पहिल्या रात्री माणसाला ओढून आणतं, पण पुढच्या रात्री पुन्हा बसवतो तो तपास.

'द ड्रायव्हर्स सीट' हे सुरुवातीचं प्रकरण घ्या. मालगाड्यांच्या यार्डात एक बेवारस मोटार सापडते. आत रक्तच रक्त, मालक गायब. आसपास एक चष्मा, एक पाकीट आणि रक्ताने माखलेला लोखंडी पाइप. पाइप उचलून नुसता बघून चालत नाही. हातात फिरवत न्यावा लागतो, तेव्हा कुठे त्याच्यावर वॉटर हीटर बनवणाऱ्या कंपनीचं नाव दिसतं. पुढे मालकाच्या घरी गेलात की त्याच नावाचा हीटर समोर येतो. डिकीत एक पावती असते : जिवंत डुकराची. मोटारीतलं रक्त, घरातला पाइप आणि डुक्कर या तिन्हींची सांगड डोक्यात बसते तो क्षण फार आनंदाचा असतो. मोटारीच्या मालकानेच स्वतःच्या खुनाचा बनाव रचलेला असतो. झुंजारने हे शेवटच्या प्रकरणात सगळ्यांना सांगितलं असतं. इथे ते तुमचं तुम्हाला सुचतं, तेही भर तपासात.

तुमची पुतणी बाटल्या का उचलत होती, हेही आता लक्षात येईल. उचलता येणारी प्रत्येक वस्तू पुरावा नसते. बऱ्याचशा बाटल्या आणि सिगारेटची पाकिटं निव्वळ कचरा असतात. वस्तूजवळ गेलं की हलकासा सूर वाजतो, हातातला कंट्रोलर थरथरतो, आणि त्या जागेचे सगळे पुरावे हाती लागले की पार्श्वसंगीत थांबतं. ते चालू आहे तोवर काहीतरी राहिलं आहे. दहा मिनिटं एकाच खोलीत घुटमळण्याचं कारण ते.

खरी परीक्षा मात्र चौकशीच्या खोलीत. खेळ बनवताना नटांना खुर्चीत बसवून 32 कॅमेऱ्यांनी त्यांचे चेहरे टिपले होते. त्यामुळे नजर चुकवणं, आवंढा गिळणं, ओठ दाबणं हे सगळं त्या नटांचंच आहे. साक्षीदार उत्तर देतो आणि तुम्ही ठरवायचं : खरं बोलतोय, लपवतोय, की खोटं बोलतोय? खोटं म्हणायचं तर वहीतला नेमका पुरावा पुढे टाकावा लागतो. अंदाज चुकला की तो माणूस मिटतो आणि त्या प्रश्नाचं उत्तर पुन्हा मिळत नाही. या भागात एक दोष आहे आणि तो मला खटकतो. तुम्ही नुसती शंका घेता आणि फेल्प्स एखाद्या बिचाऱ्या विधवेवर एकदम खेकसतो. 2017 च्या आवृत्तीत पर्यायांची नावं बदलली, तरी त्याचा तोल सुटायचा तो सुटतोच.

आता थोडं रहस्य फोडतो. ज्यांना स्वतः खेळायचं आहे त्यांनी हा परिच्छेद सोडावा. 'द गोल्डन बटरफ्लाय' या प्रकरणात एका बाईचा खून होतो. शेवटी दोन संशयित कोठडीत असतात. एक तिचा नवरा, खोटं बोलताना पकडलेला. दुसरा लहान मुलांवर अत्याचार केलेला, ज्याच्याविषयी कुणालाच दया येऊ नये असा. वरिष्ठांना दुसराच हवा असतो. तुम्ही दोघांपैकी कुणावरही आरोप ठेवा, फाइल बंद होते. बऱ्याच पुढे कळतं की खून दोघांपैकी कुणीच केला नव्हता. तो खून एका साखळीतला असतो, आणि त्या साखळीतले खून एलिझाबेथ शॉर्ट नावाच्या तरुणीच्या हत्येशी जोडलेले आहेत. ती हत्या लॉस एंजेलिसमध्ये जानेवारी 1947 मध्ये खरोखर झाली आणि आजवर उलगडलेली नाही. निरपराध माणसाला आत टाकणारा हात आपला होता, ही टोचणी कुठलीही कादंबरी वाचकाला इतक्या थेट देऊ शकत नाही. माझ्या मते लोक या प्रकारच्या खेळांकडे वळतात ते याचसाठी.

तपास आणि संशय खेळणाऱ्यावरच सोपवण्याचा हा धागा इतर खेळांतही दिसतो. 1997 च्या 'ब्लेड रनर'मध्ये कोण माणूस आणि कोण कृत्रिम मानव हे दर नव्या खेळात बदलू शकतं, त्यामुळे मित्राकडून उत्तर विचारून उपयोग नाही. एस्टोनियातल्या लेखक-कलावंतांच्या गटाने काढलेल्या 'डिस्को इलिझियम'मध्ये (2019) गुप्तहेराची स्मृतीच गेलेली असते. त्याच्या अंगातले 24 गुण डोक्यात त्याच्याशी बोलतात, आणि त्यातले काही चुकीचा सल्लाही देतात. तो खेळ मी 'एल. ए. नॉयर'च्याही वर ठेवेन. लिखाण म्हणून तो चांगल्या कादंबऱ्यांच्या रांगेत बसतो. मात्र त्यात इंग्रजी वाचन भरपूर आहे.

तुम्ही पुतणीला 'द ड्रायव्हर्स सीट' पुन्हा सुरू करायला सांगा आणि या वेळी मागे उभे न राहता शेजारी बसा. चौकशीच्या वेळी कोण खोटं बोलतंय ते तुम्ही सांगा, बटण तिला दाबू द्या. घरात लहान मुलं असतील तर ती झोपल्यावर बसा. खुनांची दृश्यं उघडीवाघडी आहेत आणि हा खेळ प्रौढांसाठीच आहे.