कर्ता कोण?



मी रहस्यकथा लिहितो. राहतो बीरगांवात, रायपूरला अगदी लागून. भोवती उरला आणि सिलतऱ्याचे कारखाने. आमच्या घरात मराठी, गल्लीत छत्तीसगढी आणि कामावर हिंदी. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. गुरुनाथ नाईकांचा कॅप्टन दीप कोण, हे तुमच्या आजोबांना विचारा. अशी पुस्तके वाचतच मी या वाटेला लागलो.

मुले मला नेहमी दोन प्रश्न विचारतात. विषय कुठून सुचतात? आणि गोष्ट लिहायला व्याकरण कशाला हवे?

पहिल्याचे उत्तर सोपे आहे. विषय दारातच असतात. आमच्याकडे ओट्यावर, गच्चीवर रोज काळी धूळ बसते. एकदा शेजारच्या ओट्यावर त्या धुळीत एक स्वच्छ चौकोन दिसला. म्हणजे तिथली पेटी नुकतीच कुणीतरी उचलली होती. शेजारणीनेच ती धुवायला नेली होती. माझ्या कथेत मात्र ती चोराने नेली! जे आहे ते सगळेच पाहतात. जे असायला हवे होते आणि नाही, तेही पाहायची सवय लावा.

आता व्याकरण. समजा, एक निनावी पत्र सापडले. त्यात लिहिले आहे, ‘मी खोलीत गेले.’ लिहिणारी स्त्री आहे, असे तुम्ही लगेच म्हणाल. ‘मी दार उघडले’ असे असते, तर काहीच कळले नसते. तिथे प्रयोग कर्मणी आहे. क्रियापद दाराच्या लिंगाप्रमाणे चालते, लिहिणाऱ्याच्या नाही. पण जपून! कोल्हापूरकडे मुलीही ‘मी आलो’ म्हणतात. बोलीची माहिती नसलेला तपासनीस भलत्यालाच पकडून आणील.

दुसरी खूण पाहा. ‘आम्ही पोचलो तेव्हा दिवा चालू होता’ आणि ‘आपण पोचलो तेव्हा दिवा चालू होता.’ ‘आम्ही’मध्ये ऐकणारा नसतो, ‘आपण’मध्ये असतो. एका शब्दाने एक माणूस घटनास्थळी हजर होतो किंवा तिथून बाहेर पडतो. हिंदीत दोन्हींना ‘हम’. म्हणून आमच्या भागातली मराठी मुले इथे हमखास चुकतात.

तिसरी गोष्ट मी पुस्तकातून शिकलो नाही. लेखक होण्यापूर्वी मी एका कारखान्यात लेखनिक होतो. एका रात्रपाळीत यंत्राच्या पट्ट्यात अडकून एका कामगाराची दोन बोटे गेली. अहवाल मी लिहिला : ‘पट्ट्यावरची जाळी काढलेली होती. हात अडकला.’ लिहिला हिंदीत, पण अर्थ हाच. दोन्ही वाक्ये खरी होती. जाळी कुणी काढायला लावली, हे मला ठाऊक होते. काम लवकर उरकावे म्हणून पाळीप्रमुखांनी तसे सांगितले होते. मी ते लिहिले नाही. नोकरीची भीती होती. फिरत्या यंत्रभागांना आच्छादन असलेच पाहिजे, असे १९४८ चा कारखाने अधिनियम तेव्हा सांगत होता. माझा अहवाल वाचून मात्र सगळ्यांनी ठरवले, की कामगारच निष्काळजी.

चार दिवसांनी त्याला भेटायला गेलो. हाताला पट्टी होती. तो म्हणाला, “भैया, तुम्ही खोटं लिहिलं नाही. पण जाळी काय आपोआप निघाली?”

त्याच रात्री मी दुसरा अहवाल लिहिला. त्यातल्या प्रत्येक वाक्याला कर्ता होता. एका वाक्याचा कर्ता मी स्वतः होतो : ‘हे मला माहीत असूनही मी आधी लिहिले नाही.’ ते वाक्य लिहायला सगळ्यात जास्त वेळ लागला. त्याची बोटे काही परत आली नाहीत. त्याच्यावरचा ठपका मात्र निघाला.

तेव्हापासून माझ्या प्रत्येक कथेतला गुन्हेगार बिनकर्त्याच्या वाक्यात लपतो. ‘किल्ली हरवली’, ‘दार उघडे राहिले’, ‘निरोप पोचला नाही.’ वाचकाने तिथे थांबून ‘कुणाकडून?’ असे विचारले, की निम्मे रहस्य उलगडते.

उद्या तुम्हीही अहवाल लिहाल. तुमच्या एका वाक्यावर कुणाची शिक्षा, कुणाची सुटका अवलंबून असेल. ‘काच फुटली’, ‘माझ्या हातून काच फुटली’ आणि ‘मी काच फोडली’ ही तीन वेगळी विधाने आहेत. पहिल्यात माणूसच नाही. दुसऱ्यात अपघाताची कबुली आहे. तिसऱ्यात बहुधा हेतूही आहे. नेमके जे घडले तेच वाक्य निवडायचे. दुसऱ्यासाठी कडक आणि स्वतःसाठी सौम्य, असे नाही.

स्वाध्याय :

१. आज वसतिगृहात किंवा घरी ऐकलेली तीन बिनकर्त्याची वाक्ये लिहा. त्यांचा कर्ता शोधा.

२. खोलीतली एक वस्तू मित्राला हलवायला सांगा. कोणती हलली, ते खुणांवरून ओळखा.

३. अलीकडे तुमच्याकडून झालेली एक चूक पाच ओळींत लिहा. पहिल्या वाक्याचा कर्ता ‘मी’ असू द्या. ही वही कुणाला दाखवायची सक्ती नाही.